सुरी आपल्या हाताची

ताईंनो, आज वह्या बाजूला ठेवूया, सुरीबद्दल बोलूया.

“कापता मां, मग आणखी काय व्हया?” असं आपण म्हणतो. पण बोथट सुरीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती घसरते. कैरीच्या दिवसांत बोट कापलं तर मिठात हात घालता येत नाही, मजुरी बुडते.

देवगडची हवा खारी, लोखंडी पातं गंजणारच. त्यावर आमसुलाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळा. मग घासा, धुवा, लगेच पुसा. निसणा ओला करून दोन्ही बाजू सारख्याच घासा. आधी खरखरीत अंगावर, मग मऊ. विस्तवावर मात्र पातं तापवू नका, लोहाराने दिलेलं पाणी उतरतं.

आता मूठ. ती जाड असेल तर हात लवकर भरून येतो. पात्याला जाड फडकं बांधा आणि लाकडी मूठ पॉलिश पेपरने आपली बोटं बसतील इतकी घासा. वरून खोबरेल चोळा. चिंधी गुंडाळू नका, आत पाणी मुरतं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपली सुरी आणा. फडक्यात गुंडाळून हां!