दिव्यांना टोके का दिसतात?

(गणेशोत्सवात मंडळापुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



मंडपाच्या माळेतला एक लांबचा दिवा निवडा आणि एक डोळा झाकून बघा. चांदणीसारखी टोके दिसतील. आता दुसऱ्या डोळ्याने बघा, टोकांची ठेवण बदललेली असेल. ही टोके दिव्याची नाहीत. आपल्या नेत्रभिंगातल्या तंतूंचे सांधे ती उमटवतात, म्हणून प्रत्येकाची चांदणी निराळी. बाप्पाने भिंगे साच्यातून काढली नाहीत, हाताने घडवली म्हणा ना!

तक्त्यावर ६/६ आले की आपण खूश. पण तो निर्दोष डोळ्याचा दाखला नव्हे. दिवसा बाहुली दोन-तीन मिलिमीटरची असते, तेव्हा कडेचे दोष झाकले जातात. रात्री ती मोठी होते आणि तेच दोष उघडे पडतात. बळ्ळारी रोडवर समोरच्या ट्रकचे दिवे पसरतात ते यामुळेही. निळा आणि तांबडा प्रकाश तर डोळ्यात एका जागी जुळतच नाहीत. विमानतळावर टॅक्सीवेच्या कडेचे निळे दिवे लांबून धूसर वाटतात, ते याच कारणाने.

इथवर गंमत झाली. पण एक दोष गमतीचा नाही. कॉर्निया, म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. काहींची ती पातळ होत शंकूसारखी पुढे येते. याला केराटोकोनस म्हणतात. नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत तिशीपुढच्या ४,६६७ लोकांची पाहणी झाली. २००९ मध्ये छापून आलेला आकडा होता २.३ टक्के, म्हणजे शंभरात दोघांहून जास्त! मोजण्याची पद्धत बदलली की आकडा बदलतो, हे खरे. पण तो आपल्या मातीतला आहे.

हा आजार बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो. सारखे डोळे चोळणाऱ्या मुलांत जास्त आढळतो. तिरपा नंबर दर सहा महिन्यांनी वाढतो आणि घरी मात्र मोबाइलवरून बोलणी बसतात. नवा चष्मा लावूनही अक्षराला सावली राहत असेल, तर कार्डाला टाचणीचे भोक पाडून त्यातून वाचायला सांगा. अक्षर सुधारले तर दोष बहुधा प्रकाश जुळण्यातला. मग दुकानात पुन्हा नंबर काढू नका, नेत्रतज्ज्ञांकडून कॉर्नियाचा नकाशा काढून घ्या. वेळेत कळले तर रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण यांच्या उपचाराने वाढ बहुतेकदा थांबते. गेलेली स्पष्टता मात्र त्याने पूर्ण परत येत नाही. त्यासाठी कडक कॉन्टॅक्ट लेन्स लागते. तिच्याखाली अश्रू साचून खाचखळगे भरतात.