ज्याचा पाय, त्याचा सल्ला



कुणाचा पाय अपघातात जातो. कुणाचा मधुमेहानं कापावा लागतो. अशा माणसाला बनवलेला पाय बसवतात. पण तो पाय कसा असावा, हे कुणी ठरवायचं? आज याच गोष्टीवर दोन शब्द सांगतो.

राजस्थानात जयपूर शहर आहे. तिथल्या सवाई मानसिंह रुग्णालयात प्रमोद करण सेठी हे हाडांचे डॉक्टर होते. १९६८ सालच्या सुमाराची ही हकीकत. त्या वेळी परदेशी धाटणीचा पाय बसवत. दिसायला तो सुबक. पण त्यावर बूट घालावा लागे. उकिडवं बसता येत नसे. मांडी घालता येत नसे. चिखलापाण्यात तो कामाचा नव्हता. मग शेतकऱ्यानं काय करावं? तो पाय कोपऱ्यात ठेवी अन् पुन्हा काखेत कुबडी घेई.

असे रोगी अडाणी आहेत, असं म्हणून डॉक्टरांना हात झटकता आले असते. पण त्यांनी रोग्यांचं गाऱ्हाणं मनावर घेतलं. त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. त्यांचं शालेय शिक्षण थोडं, पण हातात कसब मोठं. दोघांनी खटपट करून रबराचा पाय घडवला. आत लाकूड व मऊ रबर, वरून मजबूत रबर. त्या पायानं अनवाणी चालता येतं, शेतात जाता येतं, उकिडवं बसता येतं. हाच तो 'जयपूर फूट'. पुढं तो देशोदेशी गेला. १९८१ साली सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट कोणती? विद्या डॉक्टरांची, कसब कारागिराचं. पण उणीव दाखवली ती पाय वापरणाऱ्यांनी. ज्याचं जळतं, त्याला कळतं.

हेच तत्त्व आता कायद्यातही आलं आहे. २०१६ साली दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला. दिव्यांग माणसावर संशोधन करायचं, तर त्याला समजेल अशा रीतीनं सगळं सांगावं लागतं. त्याची राजीखुशीची संमती घ्यावी लागते. शिवाय सरकारी समितीची परवानगी लागते. त्या समितीत निदान निम्मे सभासद स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदलेल्या संस्थांचे असले पाहिजेत.

पण गावात आपण काय पाहतो? चौकशीला कुणी आला, की तो थोरल्या भावाला विचारतो. भाऊच उत्तरं देतो. ज्याचं दुखणं, तो ओट्यावर बसून मुकाट ऐकतो. पाय अधू असला, तरी जीभ अधू नाही ना? आणि ज्याला बोलता येत नाही, तो खुणेनं सांगतो. आपण थांबून पाहिलं पाहिजे.

तेव्हा मंडळी, घरात असा माणूस असेल, तर त्याला पुढं बसवा. त्यालाच बोलू द्या. आणि त्यानंही विचारावं : ही चौकशी कशासाठी? माझं म्हणणं कुठं लिहिलं? यातून काय निघालं, ते मला येऊन सांगाल का?

आता तुम्हाला वाचता येतं. पुढं केलेला कागद आधी वाचा. नाही समजलं, तर विचारा. पटलं तरच सही करा.