वारसा जपणारी वही
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टच्या वाटचालीस पन्नास वर्षे पूर्ण होत असताना ‘वारसा आणि स्त्री’ या विषयावर चार शब्द सांगावेत, अशी सूचना महिला मंडळाने केली. या विषयावर आपल्याकडील दाखले आपण नेहमी ऐकतो. म्हणून आज मी मुद्दाम दूर अमेरिकेतील एका स्त्री-संस्थेचा परिचय करून देणार आहे. तिचे नाव ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन’, म्हणजेच ‘अमेरिकन क्रांतीच्या कन्या’. इतिहासाचे जतन, शिक्षण आणि देशभक्ती हे तिचे तीन उद्देश. तिच्या कार्यातून जितके घेण्यासारखे आहे, तितकेच तिच्या हातून घडलेल्या अन्यायातूनही आहे.

अमेरिकेने १७७६ साली ब्रिटिश सत्तेविरुद्ध स्वातंत्र्य जाहीर केले. त्या लढ्यातील वीरांच्या पुरुष वंशजांनी १८८९ साली आपली एक संस्था स्थापन केली. परंतु १८९० साली त्या संस्थेने स्त्रियांना सभासदत्व नाकारले. त्याच वर्षी जुलै महिन्यात मेरी स्मिथ लॉकवुड या लेखिकेने ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दैनिकात पत्र लिहून त्यास उत्तर दिले. त्यात त्यांनी हॅना आर्नेट या न्यू जर्सीतील गृहिणीची कथा सांगितली. लढा हरत चालला असे वाटून तिचे पती व त्यांचे स्नेही इंग्रजांची माफी पत्करण्याच्या विचारात होते. तेव्हा ती त्यांच्या बैठकीत शिरली, सर्वांची निर्भर्त्सना केली आणि शरणागती पत्कराल तर मी हे घर सोडीन, असे पतीस बजावले, अशी ती कथा आहे. देशप्रेम काय फक्त पुरुषांनीच केले, हा लॉकवुडबाईंच्या पत्राचा मथितार्थ होता.

या पत्रामागोमाग ११ ऑक्टोबर १८९० रोजी वॉशिंग्टन येथे ही संस्था स्थापन झाली. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या पत्नी कॅरोलाइन हॅरिसन या तिच्या पहिल्या अध्यक्षा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी निधी उभारताना ‘स्त्रियांनाही प्रवेश मिळाला पाहिजे’ ही अट घालणाऱ्या भगिनींमध्ये त्यांचा समावेश होता. १८९६ साली अमेरिकेच्या संसदेने संस्थेस सनद दिली. आज तिच्या सुमारे ३,००० शाखा असून सभासद-संख्या १ लाख ९० हजारांच्या घरात आहे.

या संस्थेची सभासद होणे सोपे नाही. अर्जदार स्त्रीचे वय किमान १८ वर्षे असावे लागते आणि स्वातंत्र्यलढ्यास साहाय्य करणाऱ्या एखाद्या पूर्वजाची आपण थेट वंशज आहोत, हे तिला सिद्ध करावे लागते. तो पूर्वज सैनिकच असला पाहिजे असे नाही. सैन्यास धान्य वा सामग्री पुरविणाराही चालतो. मात्र त्या पूर्वजापासून अर्जदारापर्यंत प्रत्येक पिढीचा दुवा कागदपत्रांनिशी जोडून दाखवावा लागतो. घराण्याची ख्याती ऐकून कोणी सही करीत नाही. यासाठी संस्थेने १८९६ पासून ग्रंथालय उभारले. देशभरातील भगिनींनी जुन्या स्मशानभूमींतील शिलालेख, प्रार्थनामंदिरांच्या नोंदवह्या आणि कुटुंबांच्या धर्मग्रंथांत लिहिलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदी स्वहस्ते उतरवून आणल्या. वंशावळीच्या अभ्यासासाठी आज ते ग्रंथालय अमेरिकेतील अग्रगण्य मानले जाते.

या भगिनींनी केवळ पूर्वजांच्या गौरवावर समाधान मानले नाही. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात डॉ. अनिता न्यूकम मॅक्गी यांच्या नेतृत्वाखाली संस्थेने सैन्यासाठी सुमारे एक हजार प्रशिक्षित परिचारिकांची निवड केली. पुढे १९०१ साली अमेरिकी सैन्यात परिचारिकांचे स्वतंत्र दल स्थापन झाले, त्याचा पाया या कार्यात होता. डोंगराळ भागातील गरीब मुलांसाठी दक्षिण कॅरोलायना राज्यात टमासी येथे १९१९ साली आणि अलाबामा राज्यात १९२४ साली शाळा सुरू झाल्या. परदेशातून येणाऱ्या निर्वासितांना व स्थलांतरितांना नागरिकत्वाचे ज्ञान व्हावे म्हणून १९२१ पासून संस्थेने अनेक भाषांत मार्गदर्शिका छापून विनामूल्य वाटली. वारसा सांगायचा तर त्याला सेवेची जोड हवी, हे त्यांनी कृतीने दाखवून दिले.

आता दुसरी बाजू. १९२९ साली संस्थेने वॉशिंग्टन येथे ‘कॉन्स्टिट्यूशन हॉल’ हे भव्य सभागृह बांधले. मात्र तेथे केवळ गौरवर्णीय कलावंतांनाच कार्यक्रम करता येईल, अशी अट भाडेकरारात घातलेली होती. १९३९ साली मेरियन अँडरसन या विख्यात कृष्णवर्णीय गायिकेच्या कार्यक्रमासाठी हॉवर्ड विद्यापीठाने सभागृह मागितले आणि संस्थेने ते नाकारले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी निषेध म्हणून सभासदत्वाचा राजीनामा दिला. अखेर ९ एप्रिल १९३९ रोजी लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर अँडरसन गायल्या आणि सुमारे ७५ हजार श्रोत्यांनी उघड्या आकाशाखाली त्यांना ऐकले. ज्या संस्थेचा जन्मच ‘आम्हांस का वगळले?’ या प्रश्नातून झाला, तिनेच दुसऱ्यास वगळले.

पुढे १९४३ साली त्याच सभागृहात अँडरसन यांचे गायन झाले. तथापि मला अधिक महत्त्वाचे वाटते ते १९७७ साली घडलेले. कॅरेन बॅचेलर या कृष्णवर्णीय तरुणीने आपली वंशावळ पेनसिल्व्हेनियातील विल्यम हूड नावाच्या सैनिकापर्यंत नेऊन भिडविली आणि ती संस्थेची पहिली ज्ञात कृष्णवर्णीय सभासद झाली. सर्वच दारे मात्र लगेच उघडली नाहीत. वॉशिंग्टनच्या लीना फर्ग्युसन यांची कागदपत्रे पूर्ण असूनही शाखेत त्यांना पुरस्कर्त्या मिळेनात. १९८४ साली हे प्रकरण वृत्तपत्रातून गाजले. तेव्हा संस्थेने भेदभावास बंदी घालणे आणि स्वातंत्र्यलढ्यातील कृष्णवर्णीय देशभक्तांचा शोध घेणे मान्य केले. त्या शोधाचे फलित म्हणून २००८ साली ‘फॉरगॉटन पेट्रियट्स’ हा ग्रंथ निघाला. त्यात कृष्णवर्णीय व अमेरिकी आदिवासी अशा ६,६०० हून अधिक देशभक्तांची नावे आहेत.

भगिनींनो, मी व्यापारी माणूस आहे, म्हणून याचा अर्थ व्यापाऱ्याच्या भाषेत सांगतो. वही प्रामाणिकपणे लिहिलेली असेल, तर ती धन्याचेही ऐकत नाही. ज्याचे नावे रक्कम जमा आहे, त्याचे येणे ती दाखवतेच. या संस्थेने पुराव्याचा जो कडक नियम घातला, तो काहींच्या हातात दार बंद ठेवण्याचे साधन ठरला असेल. पण त्याच नियमाने अखेर ते दार उघडणे भाग पडले. माणसांचे पूर्वग्रह पिढीगणिक बदलतात, खरी नोंद मात्र आपल्या जागी उभी राहते.

आपल्या धर्माला ही गोष्ट नवी नाही. कल्पसूत्रात भगवान महावीरांच्या संघाची गणना दिली आहे: साधू १४ हजार, साध्वी ३६ हजार; श्रावक १ लाख ५९ हजार, श्राविका ३ लाख १८ हजार. साध्वीसंघाच्या प्रमुख चंदनबाला होत्या. म्हणजे संघात स्त्रियांची संख्या दुपटीहून अधिक होती आणि ती नोंदवूनही ठेवली गेली. मथुरेच्या कंकाली टीला येथे सापडलेल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या जैन शिलालेखांत दान देणाऱ्या कितीतरी स्त्रियांची नावे आहेत. त्यात श्रेष्ठींच्या घरच्या स्त्रिया आहेत, तशीच लोणशोभिका या गणिकेची कन्या वसू हिचेही नाव आहे. तिने अर्पण केलेला आयागपट आजही तिचे नाव सांगतो. त्या काळच्या संघाने दान घेतले आणि दात्रीचे नाव दगडात कोरू दिले. कुळ आड आले नाही.

आता आपल्या प्रवेशद्वाराजवळील संगमरवरी फलक पाहा. पन्नास वर्षांचे दाते तेथे आहेत. पण पाठशाळेत वर्षानुवर्षे नवकार आणि प्रतिक्रमण शिकविणाऱ्या भगिनी कोठे आहेत? आयंबिलच्या ओळीत पहाटेपासून स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या कोठे आहेत? चातुर्मासात वैयावच्च करणाऱ्यांची नावे कोणत्या वहीत आहेत? कित्येकींची ओळख ‘अमुक यांच्या मातोश्री’ एवढीच उरली आहे. आपला आर्थिक ताळेबंद दरवर्षी लेखापरीक्षकाकडून तपासून घेतला जातो; सेवेचा ताळेबंद मात्र कोणीच लिहिलेला नाही. ज्यांना सुरुवातीची वर्षे आठवतात, त्या वडीलधाऱ्या मंडळींची संख्या दिवसेंदिवस कमी होत आहे. हे काम आणखी दहा वर्षे राहिले, तर ते कधीच होणार नाही.

म्हणून विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे. या सुवर्णमहोत्सवी वर्षात महिला मंडळाकडे एक नोंदवही सोपवावी. ज्येष्ठ श्राविकांच्या आठवणी तारीख-वारासह लिहून घ्याव्यात, जुनी छायाचित्रे व निमंत्रणपत्रिका गोळा कराव्यात आणि प्रत्येक नोंदीस शक्य तो पुरावा जोडावा. मृत व्यक्तीचे नाव तिच्या स्वतःच्या नावाने लिहावे. आणि एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगतो: मंदिरातील पुजारी, भोजनशाळेतील आचारी, झाडलोट करणाऱ्या बाया, यांपैकी बरेचजण जन्माने जैन नाहीत, पण या वास्तूची पन्नास वर्षे त्यांच्याही श्रमावर उभी आहेत. त्यांची पाने त्या वहीत असलीच पाहिजेत.

शताब्दीच्या वेळी येथे जे जमतील, त्यांच्या हाती ही वही पडेल. ती त्यांना पुरी वाटावी, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी माझे भाषण संपवितो.

जय जिनेंद्र! जय महावीर!