विज्ञान पदवीधराचे परिचयपत्र

(शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



नोकरीच्या अर्जासोबत जो एक-दोन पानांचा कागद जोडावा लागतो, त्याला कोणी बायोडाटा म्हणतात, कोणी रेझ्युमे म्हणतात. आपण त्याला परिचयपत्र म्हणू. विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु ज्या घरातील पहिलीच पिढी पदवीपर्यंत पोहोचली आहे, त्या घराच्या दृष्टीने तो मुळीच किरकोळ नाही. सुशिक्षित कुटुंबात असा कागद वडील किंवा थोरली बहीण तपासून देते. खेड्यातून रोज एस. टी. ने तालुक्याच्या महाविद्यालयात जाऊन बी. एस्सी. झालेल्या मुलीला हा आधार नसतो. ती झेरॉक्सच्या दुकानातील तयार नमुना घेते, त्यात आपले नाव आणि गुण भरते व पाठवून देते. तिने तीन वर्षे प्रयोगशाळेत मिळविलेले कौशल्य त्या कागदावर उतरतच नाही. गुणवत्ता नाही म्हणून नव्हे, तर ती सांगता आली नाही म्हणून संधी जाते. हे नुकसान टाळता येण्यासारखे आहे आणि ते टाळण्याच्या कामी आपणा सर्वांचे साहाय्य होऊ शकते.

शासकीय सेवेतील बहुतेक पदे विहित नमुन्यातील अर्ज आणि परीक्षा यांद्वारे भरली जातात. तेथे परिचयपत्राला फारसा वाव नसतो. परंतु औषधनिर्मितीचे कारखाने, अन्नप्रक्रिया उद्योग, माती व पाणी तपासणाऱ्या खाजगी प्रयोगशाळा, संशोधन संस्थांतील प्रकल्प साहाय्यकांच्या जागा या ठिकाणी निवडीची पहिली चाळणी याच कागदावरून होते. शिकाऊ उमेदवारीचा १९६१ चा कायदा २०१४ मध्ये सुधारण्यात आला आणि अभियांत्रिकीखेरीज अन्य शाखांच्या पदवीधरांनाही ते दार उघडले. तेथेही आपली ओळख नेमकेपणाने करून देता आली पाहिजे.

प्रयोगवहीचा धडा

मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे. तरीही विज्ञानाच्या विद्यार्थ्याची प्रयोगवही उघडली की तिची शिस्त माझ्याही लक्षात येते. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणे आणि निष्कर्ष असा तिचा क्रम असतो. त्यात ‘मी फार मेहनतीने प्रयोग केला’ असे वाक्य कधी नसते. काय मोजले आणि किती आले, एवढेच असते. उत्तम परिचयपत्राचे रहस्य नेमके हेच आहे. आश्चर्य असे की, तीन वर्षे ही शिस्त पाळणारा विद्यार्थी परिचयपत्र लिहिताना ती विसरतो आणि ‘कष्टाळू, प्रामाणिक, जिद्दी’ अशी विशेषणे लिहू लागतो. ही विशेषणे प्रत्येकच अर्जात असतात. त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनावर त्यांचा काही परिणाम होत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका विद्यार्थ्याने लिहिले : ‘विहिरींच्या पाण्यावर प्रकल्प केला.’ यातून वाचणाऱ्याला काहीच बोध होत नाही. तेच असे लिहिता येईल : ‘तृतीय वर्षाच्या प्रकल्पात गावातील १२ विहिरींच्या पाण्याचे नमुने तीन महिने घेतले. ईडीटीए अनुमापनाने पाण्याचे एकूण काठिण्य मोजले. चार विहिरींत ते दर लिटरला ६०० मिलिग्रॅमहून अधिक आढळले. निष्कर्ष ग्रामपंचायतीला लेखी कळविले.’ पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात काठिण्याची इष्ट मर्यादा २०० आणि दुसरा स्रोत नसल्यास चालणारी कमाल मर्यादा ६०० मिलिग्रॅम आहे, हे प्रयोगशाळेचा प्रमुख जाणतो. ही चार वाक्ये वाचताच या मुलाला नमुना घेता येतो, अनुमापन करता येते, आकड्याचा अर्थ कळतो आणि अहवाल लिहिता येतो, हे त्याच्या ध्यानी येते. एकही विशेषण न वापरता हे साधते.

काय असावे, काय नसावे

नवीन पदवीधराचे परिचयपत्र एका पानात मावावे. आरंभी नाव, पत्ता, दूरध्वनी आणि ई-मेल असावा. त्यानंतर शिक्षण, अलीकडचे आधी या क्रमाने. मग प्रकल्प व प्रात्यक्षिक अनुभव. हा भाग सर्वांत महत्त्वाचा. त्याखाली हाताळलेली उपकरणे व पद्धती लिहाव्यात. मात्र स्पेक्ट्रोफोटोमीटर केवळ पाहिला असेल तर ‘पाहिला’ आणि स्वतः वापरला असेल तरच ‘वापरला’ म्हणावे. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. जात, धर्म, वैवाहिक स्थिती, आधार क्रमांक हे तपशील जाहिरातीत मागितले नसतील तर देऊ नयेत. प्रत्येक ठिकाणी तोच कागद न पाठवता, जाहिरात वाचून त्या कामाशी जुळणारा अनुभव वर आणावा. इंग्रजीत लिहावयाचे असल्यास आधी मराठीत मुद्दे काढावेत आणि मग लहान, सोप्या वाक्यांत इंग्रजी करावे. उसन्या भारदस्त शब्दांपेक्षा ते अधिक विश्वासार्ह वाटते.

शेतीची कामे, दूध संकलन केंद्रावरील स्निग्धांश तपासणी, गावच्या जलसुरक्षकाला नमुने घेण्यास केलेली मदत यांचा उल्लेख करण्यास मुले संकोचतात. हा संकोच अनाठायी आहे. मातीचा सामू आणि सेंद्रिय कर्ब यांचा अर्थ स्वतःच्या शेताच्या आरोग्यपत्रिकेवरून समजून घेतलेला रसायनशास्त्राचा पदवीधर कृषी प्रयोगशाळेला हवाच असतो.

उणीव लपवू नये

कमी गुण अथवा वाया गेलेले वर्ष कसे सांगावे, असे अनेकजण विचारतात. येथे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे स्मरण होते. १८८३ मध्ये अमेरिकेत पोहोचल्यावर त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी पत्र लिहिले. प्रवेशाच्या सर्व अटी आपण कदाचित पूर्ण करू शकणार नाही, हे त्यांनी त्यात लपविले नाही. आणि आपल्या देशभगिनींना वैद्यकीय साहाय्य मिळवून देण्याचा हेतू स्पष्ट शब्दांत मांडला. त्यांना प्रवेश मिळाला व १८८६ मध्ये त्या एम. डी. झाल्या. उणिवेची प्रांजळ कबुली आणि हेतूची स्पष्टता यांचे बळ मोठे असते, हा धडा आजही घेण्याजोगा आहे.

आपण काय करू शकतो

शिक्षकांनी अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक दुपार द्यावी आणि प्रयोगवही समोर ठेवून प्रत्येकाकडून परिचयपत्र लिहून घ्यावे. सरपंच व सदस्यांकडे मुले दाखला मागावयास येतात. ‘सदर विद्यार्थी होतकरू व सुस्वभावी आहे’ या ठरावीक वाक्याच्या जोडीला, त्याने गावासाठी कोणते काम, किती दिवस आणि कसे केले, हे दोन ओळींत लिहावे. अधिकाऱ्यांनी आपल्या प्रयोगशाळांत सुटीच्या काळात विद्यार्थ्यांना काम पाहण्याची व करण्याची संधी द्यावी आणि त्याची लेखी नोंद त्यांच्या हाती द्यावी.

यासाठी वेगळी योजना लागत नाही, निधीही लागत नाही. आपल्या गावातील मुलामुलींनी जे खरोखर केले आहे, ते त्यांना स्वच्छ शब्दांत सांगता यावे, एवढीच अपेक्षा आहे. यंदा निकाल लागण्यापूर्वी प्रत्येकाने निदान एका विद्यार्थ्याचा कागद वाचून, दुरुस्त करून द्यावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.