तुमी कोन लोकं?



अमरावतीहून अकोल्याला एस.टी.नं जा. मूर्तिजापूर येईपर्यंत शेजारचा माणूस विचारतोच, "तुमी कोन लोकं?" आपण 'बौद्ध' म्हटलं की तो म्हणतो, "म्हंजे जयभीमवाले!" राग येतो. पण जयभीम तर आपण छाती फुगवून म्हणतो! टोचतो तो त्याचा सूर.

काही शब्द मात्र कितीही गोड सुरात म्हटले तरी टोचतातच. 'हरिजन' त्यातला. गांधीजींनी तो चालविला, १९३३ मध्ये त्या नावाचं साप्ताहिक काढलं. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत हा शब्द कायद्यात घालायचा घाट घातला, तेव्हा दादासाहेब गायकवाडांनी विरोध केला आणि बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग करून बाहेर पडले. ज्यांचं नाव ठेवायचं त्यांचंच म्हणणं ऐकायचं नाही, ही कुठली रीत?

आता 'नवबौद्ध' घ्या. दीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ ला. माझा जन्म त्यानंतरचा, माझी नात तर कालची. तरी सरकारी योजनेच्या कागदावर आम्ही 'नव'च. साठ-सत्तर वर्षांच्या घराले कोनी नवं घर म्हनते का?

'दलित' या शब्दावर तर आपल्याच घरात भांडण आहे. १९७२ च्या पँथरपासून अनेकांनी तो अभिमानाने मिरवला, पोरं आज म्हणतात आम्ही बौद्ध. माझं मत पोरांकडे झुकतं, पण जुन्या माणसाच्या तोंडातून तो ओढून काढू नये.

हे झालं दुसऱ्यांचं. आता आपलं बोलतो. गिरणीत आमच्या पाळीला एक मातंग सोबती होता. आम्ही आठ-दहा जण त्याला जातीनंच हाक मारायचो, गमतीनं. एक दिवस डबा खाताना तो मला म्हणाला, "तुले कोनी असं म्हटलं तं चालन का?" माझा घास तोंडातच राहिला. दुसऱ्या दिवसापासून मी त्याला नावानं बोलावू लागलो. तो मात्र पुढं आठ दिवस आमच्यात जेवायला बसला नाही.

त्याचा नातू आता आपल्या विहाराच्या अभ्यासिकेत येतो. परवा मी दाराशी चपला काढत होतो, तर आत पोरं त्याला हाक मारताना ऐकली. तोच जुना शब्द. पोरं आपलीच, त्यांचे आईबाप आज इथं बसले आहेत. मी नावं घेत नाही.

जयभीम. नमो बुद्धाय.