कोरी ठेवलेली जागा
(मोहने येथील सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आपल्या घरातील मूल पहिले चित्र काढते ते बहुधा देरासरातील पाटावर. मूठभर अक्षतांचा स्वस्तिक, त्यावर दर्शन-ज्ञान-चारित्र्याच्या तीन ढिगल्या आणि वर सिद्धशिलेची चंद्रकोर. तेथील आकार ठरलेला आहे व तो तसाच राहावा. मला बोलायचे आहे ते त्यानंतर मुलाच्या हाती येणाऱ्या कोऱ्या कागदाविषयी.

पाठशाळेत आम्ही एक खेळ खेळतो. फळ्यावर एक वाकडी रेघ ओढायची आणि प्रत्येकाने ती आपल्या वहीत उतरवून पूर्ण करायची. त्याच रेघेची कोणी उल्हास नदी करतो, कोणी हत्तीचा कान, तर कोणी आजीची वाकलेली पाठ. दुसरा खेळ घडीच्या कागदाचा. पहिल्याने डोके काढून कागद दुमडायचा, दुसऱ्याने ते न पाहता धड काढायचे, तिसऱ्याने पाय. १९२५ च्या सुमारास पॅरिसमधील अतियथार्थवादी कलावंतही हा खेळ खेळत. घडी उलगडली की हशा पिकतो. त्याच वेळी हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगावी. अनेकांत हा शब्द न उच्चारताही मुलांना तो कळतो.

तिसरा खेळ लेश्यावृक्षाचा, आणि तो मला उशिरा सुचला. भुकेले सहा प्रवासी जांभळाच्या झाडाशी येतात. पहिला म्हणतो, झाड मुळापासून तोडू. दुसरा मोठ्या फांद्या, तिसरा डहाळ्या, चौथा घोस, पाचवा केवळ पिकली फळे. सहावा म्हणतो, खाली पडलेली पुरेत. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंत प्रत्येकाचा रंग वेगळा.

सुमारे वीस वर्षांपूर्वी पर्युषणातील स्पर्धेत आम्ही याचे छापील चित्र भिंतीवर लावले व मुलांना हुबेहूब काढायला सांगितले. परीक्षक मी होतो. एका मुलीने सहाव्या प्रवाशाभोवती सारे आकाश गडद रंगवले आणि त्याला तेवढे कोरे ठेवले. मी ‘अपूर्ण’ असा शेरा मारून गुण कापले. तिने एवढेच विचारले, “सर, शुक्ल म्हणजे पांढराच ना?” मी म्हणालो, “रंग भरून आण.” पुढच्या स्पर्धेला ती आली नाही.

आता आम्ही चित्र दाखवीत नाही. गोष्ट सांगतो आणि गप्प बसतो. गप्प बसणे शिक्षकाला किती जड जाते, ते माझे मलाच ठाऊक! शासनाच्या रेखाकला परीक्षांना सरावाची शिस्त हवी, ती मी नाकारीत नाही. परंतु विश्वस्तांना विनंती आहे की, यंदापासून हुबेहूबपणाचे बक्षीस बंद करावे आणि प्रत्येक मुलाचे चित्र सभागृहाच्या भिंतीवर लावावे. पालकांनीही “हे काय काढलेस?” असे न विचारता “याची गोष्ट सांग” असे म्हणावे.

२००९ साली एनआरसी कंपनी बंद पडल्यानंतर मोहने सोडून गेलेल्या कुटुंबांत त्या मुलीचेही कुटुंब होते. तिची क्षमा मागायची राहून गेली. ही स्मरणिका कदाचित तिच्या घरी पोहोचेल.

मिच्छामि दुक्कडम्.