सोळा आठवडे कुणाच्या हाताखाली?



भंडारा जिल्ह्यात लाखांदूर-पवनीकडे धानाची रोवणी सुरू झाली की हजेरीपटावरची मुले आणि वर्गातली मुले यांचा मेळ बसत नाही. आईवडील बांधीत, म्हणून थोरली मुलगी धाकट्याला घेऊन घरी. आठवड्याने ती परत येते, तेव्हा मधला भागाकार तिला कोण आणि केव्हा शिकवणार? एखादे मूल झाडीबोलीत उत्तर देते. ते उत्तर बरोबर आहे हे ओळखून त्याला पुस्तकातल्या मराठीकडे कसे न्यायचे? त्या गावात वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या बाईंना हे ठाऊक असते. नव्या शिक्षकाने ते त्यांच्याकडूनच शिकायला हवे.

शिक्षक घडवणारे बी.एड. पूर्वी एका वर्षाचे होते. छात्राध्यापक पाठ टाचण घेऊन यायचे, सराव पाठ द्यायचे, शेरा आणि सही घेऊन निघायचे. 2015 पासून अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. त्यातले 20 आठवडे शाळेत काढायचे, पैकी 16 दुसऱ्या वर्षी. आपल्या जिल्ह्यातील बी.एड. महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. पदवी विद्यापीठाची, पण हे आठवडे गावातल्या शाळेचे. अध्यापक महाविद्यालये विद्यापीठांपासून आणि शाळांपासूनही तुटलेली आहेत, हे कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालातच सांगितले होते.

आठवडे वाढले, हे चांगलेच झाले. पण शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकाला त्यासाठी वेळ कुठे दिला? स्वतःच्या सगळ्या तासिका सांभाळून त्याने छात्राध्यापकाचा पाठ केव्हा पाहावा, आणि त्यावर बोलावे केव्हा? ऑक्सफर्ड विद्यापीठाने मात्र 1987 मध्ये शिक्षक-प्रशिक्षणाची आपली योजना सुरू केली, तेव्हा प्रशिक्षणाची आखणीच शाळेतला शिक्षक आणि विद्यापीठातला प्राध्यापक यांनी मिळून करायची असे ठरवले. छात्राध्यापक वर्षाचा मोठा भाग एकाच शाळेत राहू लागला.

हे भंडाऱ्यात जमण्यासारखे आहे. आपल्याकडे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. तिने पुढाकार घ्यावा. वर्षाचे नियोजन ठरण्याआधी प्राचार्य आणि मुख्याध्यापक एकत्र बसावेत. मार्गदर्शक शिक्षकाला आठवड्यातून एक तासिका मोकळी मिळावी, त्याच्या मताला गुणदानात वजन असावे. आणि प्राध्यापकांनी साकोली-तुमसरच्या शाळांत केवळ तपासणीला येऊ नये. कधी एखादा पाठ स्वतः घ्यावा, मागच्या बाकावर छात्राध्यापकाला आणि त्या बाईंना बसू द्यावे, आणि नंतर तिघांनी मिळून त्या पाठाबद्दल बोलावे.